लेखणीपासून आज्ञावलीपर्यंत : एका व्यवसायाचा इतिहास आणि आपली ज्ञाती



स्मरणिकेच्या पानांतून पूर्वजांच्या पराक्रमाचे स्मरण करण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे आणि ती सर्वथा योग्यच आहे. तथापि या वर्षी संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासविषयक लेखाची मागणी केली, तेव्हा आमचे मन पावनखिंडीकडे न जाता एका अगदी निराळ्या विषयाकडे ओढले गेले. गेली दोन-तीन वर्षे आपल्या विद्यार्थी साह्य निधीच्या बैठकीस येणारे पालक आम्हांस एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत आहेत. 'मुलाला संगणकाच्या शाखेत घालू की नको? यंत्रच आता आज्ञावली लिहू लागले आहे म्हणतात. मग चार वर्षांनी याला नोकरी कोण देणार?' प्रश्न विचारताना त्यांच्या मुद्रेवर जी काळजी दिसते, ती पाहिली म्हणजे नुसता धीर देऊन त्यांची पाठवणी करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

भविष्य सांगण्याची विद्या आम्हांस अवगत नाही. परंतु संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांचा, म्हणजे लोकव्यवहारात ज्यांस प्रोग्रॅमर म्हणतात त्यांचा, व्यवसाय आता सुमारे ऐंशी वर्षांचा झाला आहे. त्याचा अंत जवळ आल्याची आवई या काळात एकदा नव्हे, अनेकदा उठली होती. त्या प्रत्येक वेळी प्रत्यक्षात काय घडले, कोण तरले आणि कोण बुडाले, हे पाहणे तरी आपल्या हाती आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच.

आरंभ मात्र आपल्याच घरापासून करणे बरे. आपली ज्ञाती तलवारीची जशी, तशीच लेखणीचीही. चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस ही आपल्यातील आडनावे मुळात हुद्द्यांची नावे आहेत. ते हुद्दे केव्हाच लयास गेले. घराणी मात्र नांदत आहेत. श्रीशिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका आपण सर्वांनी बाळपणी ऐकलेली आहे. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहावयास सांगितले. दिवसभराच्या कामात ते राहून गेले. रात्री महाराजांनी पत्र वाचून दाखविण्याची आज्ञा केली, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून सबंध मजकूर घडाघडा म्हणून दाखविला. मशालजीला हसू आवरले नाही आणि गुपित फुटले. पण महाराज कोपले नाहीत, प्रसन्न झाले. ही कथा अक्षरशः घडली असो वा नसो, तिचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. पत्राचा आशय, राजकारणाचा रोख, कोणास कोणत्या मायन्याने संबोधावयाचे याची जाण, हे सारे चिटणिसाच्या अंतःकरणात तयार होते. कागदावर उतरविणे एवढेच शिल्लक होते. लेखणीच्या व्यवसायात हे दोन भाग नेहमीच असतात. एक जाणण्याचा आणि दुसरा उतरविण्याचा. पुढील सर्व विवेचनात वाचकांनी हा भेद स्मरणात ठेवावा.

पुढे अव्वल इंग्रजीत मोडी लिहिणाऱ्या कारकुनांस कचेऱ्यांतून मान होता. कचेरीत शिरू पाहणारा तरुण प्रथम 'उमेदवार' म्हणून बसे. त्यास पगार नसे. जुन्या कारकुनाच्या शेजारी बसून नकला कराव्या, दफ्तर लावावे, फेरफार वाचावे आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावी, असा तो शिक्षणक्रम होता. नकला करता करता जमिनीचा, वारसाचा, वसुलाचा व्यवहार त्याच्या अंगी मुरे. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारात मोडीऐवजी बाळबोध स्वीकारण्याचे ठरविले, आणि त्यानंतरच्या तीन-चार दशकांत मोडी मागे पडत गेली. केवळ वळणदार व जलद मोडी हेच ज्यांचे भांडवल होते, त्यांस अवकळा आली. ज्यांस दफ्तराचा व्यवहार कळत होता, ते बाळबोध शिकले, टंकलेखन शिकले आणि टिकले. १९५५ साली गोदरेज कंपनीने पहिले भारतीय टंकलेखनयंत्र तयार केले. गल्लोगल्ली टंकलेखनाचे वर्ग निघाले. आणि आज ते यंत्रही वस्तुसंग्रहालयात जाऊन बसले आहे. आमच्या पिढीतील कित्येकांच्या घरचा संसार त्या यंत्राच्या टकटकीवर चालला, हे विसरता येत नाही.

आता प्रस्तुत व्यवसायाकडे वळू. 'कॉम्प्युटर' हा शब्द आरंभी यंत्राचा नव्हता, मनुष्याचा होता. आकडेमोड करणाऱ्या नोकरास इंग्रजीत ती संज्ञा होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके तयार करण्याचे काम अशा अनेक 'कॉम्प्युटर' स्त्रिया करीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक नावाचे सुमारे १८,००० निर्वात नलिकांचे अजस्र यंत्र उभे राहिले आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगापुढे आले. त्या यंत्रास काम कसे सांगावे हे ठरविण्यासाठी याच स्त्रियांतून सहाजणींची निवड झाली. केबली जोडून आणि कळा फिरवून त्या यंत्रास आज्ञा देत. म्हणजे ज्या यंत्राने त्यांची मूळ नोकरी नाहीशी व्हावयाची होती, त्याच यंत्राच्या त्या पहिल्या प्रोग्रॅमर झाल्या. उद्घाटनाच्या समारंभात त्यांचे नावही कोणी घेतले नाही. त्यांचा जाहीर गौरव व्हावयास १९९७ साल उजाडावे लागले. परंतु हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, कोष्टके करणाऱ्या स्त्रिया अनेक होत्या आणि यंत्राकडे गेल्या त्या सहा.

व्यवसाय जन्मास येऊन दहा वर्षेही झाली नव्हती, तोच त्याच्या मृत्यूची पहिली वार्ता आली. आरंभी प्रोग्रॅमर यंत्राच्या सांकेतिक आकड्यांतच आज्ञा लिहीत. १९५२ च्या सुमारास ग्रेस हॉपर या गणितज्ञ विदुषीने अशी आज्ञावली तयार केली की, जी दुसऱ्या आज्ञावलीची जुळणी स्वतःच करील. त्या काळी यास 'स्वयंचलित प्रोग्रॅमिंग' असे भारदस्त नाव होते. पुढे आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली फोरट्रान ही भाषा तयार होऊन १९५७ साली ग्राहकांच्या हाती आली. तिच्या १९५४ च्या प्राथमिक अहवालातच असा भरवसा व्यक्त झाला होता की, हिच्या योगे संकेतलेखन व चुका शोधण्याचे श्रम जवळजवळ नाहीसेच होतील. १९५९ साली व्यापारी कामासाठी कोबॉल भाषेची आखणी सुरू झाली. तिची वाक्ये साध्या इंग्रजीसारखी, व्यवस्थापकांस वाचता यावीत अशी. तेव्हा आता निराळा प्रोग्रॅमर कशाला हवा, असे पुष्कळांस वाटू लागले होते.

घडले ते उलट. आज्ञावली लिहिणे स्वस्त झाल्यामुळे पूर्वी कोणी यंत्राकडे न्यावयाची कल्पनाही केली नसती अशी कामे, म्हणजे पगारपत्रके, विमा, मालसाठा, आगगाडीची आरक्षणे, यंत्राकडे जाऊ लागली आणि माणसांची मागणी वाढली. १९६८ साली जर्मनीत गार्मिश येथे नाटो संघटनेच्या विद्यमाने भरलेल्या परिषदेत तज्ज्ञांची तक्रार आज्ञावल्या वेळेवर व बिनचूक तयार होत नाहीत, ही होती. प्रोग्रॅमर फार झाले अशी नव्हती. तथापि येथेही नाण्याची दुसरी बाजू आहे. आकड्यांत संकेत लिहिण्याचे कसब निरुपयोगी झाले. कागदावरील आज्ञा पत्र्यासारख्या ताठ कार्डांवर छिद्रे पाडून उतरविणारे पंच-ऑपरेटर हजारोंनी होते. पडदा व कळफलक आल्यावर त्यांचा वर्गच नामशेष झाला. व्यवसाय वाढला, परंतु त्या व्यवसायातील उतरविण्याचे काम करणारा मनुष्य गेला.

आपल्या देशात, आणि विशेषतः मुंबईत, हा इतिहास फार लवकर सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे २,७०० निर्वात नलिकांचा एक संपूर्ण संगणक आपल्याच तंत्रज्ञांनी उभारला. १९६० साली तो कार्यान्वित झाला आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच सुमारास, १९६१ साली, मुंबईत एस्सो या तेल कंपनीने आय.बी.एम. १४०१ हा संगणक व्यापारी कामासाठी बसविला. संशोधन आणि व्यापार या दोन्ही वाटा अशा रीतीने एकाच शहरात उघडल्या.

परंतु त्या काळी मध्यमवर्गीय घरांत संगणक हे नोकरी देणारे नव्हे, नोकरी खाणारे यंत्र मानले जाई. विमा महामंडळ आणि बँका ही आपल्यासारख्या लेखणीवर जगणाऱ्या ज्ञातींची मोठीच आधारस्थाने होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या इलाको हाउस या इमारतीत आयुर्विमा महामंडळाने संगणक बसवू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी दीर्घकाळ झुंज दिली. वाद इतका वाढला की, १९६९ साली केंद्र सरकारने पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांतून तर १९८३ साली कर्मचारी संघटनांशी करार होऊन, यंत्रे किती व कोणत्या कामासाठी आणावीत याची मर्यादा घालण्यात आली. आज या आंदोलकांस अडाणी म्हणून हिणविण्याची प्रथा पडली आहे. आम्हांस ती मान्य नाही. खातेवही लिहिणाऱ्या कारकुनाची जागा जाणार, हा त्यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. त्यांची चूक झाली ती इतकीच की, त्याच यंत्राच्या मागे एक नवा आणि कितीतरी मोठा व्यवसाय उभा राहील, हे त्यांस दिसले नाही. आणि तो व्यवसाय ज्यांस मिळाला ते त्या कारकुनांचे पुत्र व कन्या होत्या. ते कारकून स्वतः नव्हेत. यंत्रयुगाच्या हिशेबात हा तपशील बहुधा वगळला जातो. कुटुंबाच्या हिशेबात मात्र तो वगळता येत नाही.

तो मोठा व्यवसाय कसा उभा राहिला, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १९६८ साली टाटांनी मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था काढली आणि पुढील वर्षी फ. चं. कोहली तिच्यात दाखल झाले. १९६९ सालीच अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीने यंत्राची किंमत आणि आज्ञावलीची किंमत निराळी लावण्याचे जाहीर केले. त्यामुळे आज्ञावली ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू ठरली. १९७३ साली मुंबईत अंधेरीस सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र, म्हणजे सीप्झ, स्थापन झाले. त्याच वर्षीच्या परकीय चलन नियमन कायद्याच्या अटी मान्य नसल्याने १९७८ साली आय.बी.एम. ने भारतातील आपला गाशा गुंडाळला. एवढी बलाढ्य कंपनी गेली म्हणजे व्यवसाय बुडाला, असे पुष्कळांस वाटले असेल. प्रत्यक्षात तिच्या माजी सेवकांतील कित्येकांनी नव्या कंपन्या काढल्या, आणि एकाच बनावटीच्या यंत्रास जखडलेली आमची माणसे नानाविध यंत्रांवर काम करावयास शिकली. पुढे परदेशी हेच वैविध्य त्यांच्या उपयोगी पडले.

१९८१ साली पुण्यात सात तरुणांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिसची स्थापना केली. १९८३ साली ती कंपनी बंगळुरास गेली. १९८६ चे सॉफ्टवेअर धोरण, १९८८ साली पुण्यात स्थापन झालेले सी-डॅक, १९९० साली आनंद देशपांडे यांनी पुण्यातच सुरू केलेली पर्सिस्टंट, १९९१ साली निर्यातीसाठी सुरू झालेली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजना, असे एकेक टप्पे पडत गेले. टंकलेखनाच्या वर्गांच्या पाट्या उतरल्या आणि तेथेच संगणकाच्या वर्गांच्या पाट्या चढल्या. शतक संपता संपता सन दोन हजाराची अडचण उद्भवली. जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले असल्याने '००' म्हणजे १९०० की २०००, हे यंत्रास कळेना. कोबॉलमधील लक्षावधी ओळी तपासण्याचे कंटाळवाणे काम भारताकडे आले, आणि आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांतून पहिले पारपत्र त्या दोन-तीन वर्षांत निघाले. अमेरिकेने एच-१बी परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून प्रथम १,१५,००० आणि मग १,९५,००० पर्यंत वाढविली होती.

त्यानंतर भरतीच्या लाटेमागून ओहोटी आली. मार्च २००० मध्ये अमेरिकेतील नॅसडॅक बाजार कळसास पोहोचला आणि लगेच कोसळू लागला. २००१ साली परदेशी गेलेल्या कित्येक तरुणांस नोकरी सुटताच बिऱ्हाड आवरून परतावे लागले, कारण त्यांचा परवानाच नोकरीशी बांधलेला होता. २००४ च्या वर्षासाठी परवान्यांची मर्यादा पुन्हा ६५,००० वर आली. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि पुन्हा भरती थांबली. दोन्ही वेळा 'आता संगणकात काही राहिले नाही' असे बोलले गेले. दोन्ही वेळा तीन-चार वर्षांत व्यवसाय पूर्वीपेक्षा मोठा झाला. परंतु ज्या वर्गाची पदवी नेमकी २००१ किंवा २००९ साली पूर्ण झाली, त्याची हकीगत निराळी आहे. एकच वर्ष पुढे-मागे जन्मलेल्या भावंडांपैकी एकास नोकरी मिळावी आणि दुसऱ्यास वर्ष-दोन वर्षे वणवण करावी लागावी, यात गुणांचा संबंध थोडा आणि काळाचा अधिक, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आता सांप्रतच्या प्रश्नाकडे येऊ. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे साधन जनतेस खुले झाले आणि साध्या भाषेत सांगितलेले काम आज्ञावलीत उतरवून देणारी यंत्रे सर्वांच्या परिचयाची झाली. मार्च २०२४ अखेरच्या वर्षात टी.सी.एस., इन्फोसिस व विप्रो या तिन्ही कंपन्यांची सेवकसंख्या घटली. जुलै २०२५ मध्ये टी.सी.एस. ने सुमारे दोन टक्के, म्हणजे सुमारे १२,००० सेवक कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यांत मधल्या व वरच्या श्रेणीतील माणसे अधिक होती. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा केली. या सर्वांचे खापर एकट्या नव्या यंत्रावर फोडणे मात्र बरोबर नाही. २०२१ व २०२२ साली कंपन्यांनी वारेमाप भरती केली होती. त्यानंतर परदेशांत व्याजाचे दर चढले आणि गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला. शिवाय नवशिक्या अभियंत्याचा मोठ्या कंपन्यांतील वार्षिक पगार दहा-बारा वर्षे साडेतीन लाख रुपयांच्या आसपासच घुटमळत राहिला, ही गोष्ट यंत्र येण्याच्या फार पूर्वीची आहे. जेथे माणसे गरजेहून अधिक तयार होतात तेथे भाव वाढत नाही, हा बाजाराचा जुना नियम आहे.

अमेरिकन सरकारच्या श्रमविषयक सांख्यिकी खात्याचा एक अंदाज या संबंधात मोठा बोधप्रद आहे. २०२३ ते २०३३ या दशकात 'प्रोग्रॅमर' या वर्गातील नोकऱ्या सुमारे १० टक्क्यांनी घटतील, आणि 'सॉफ्टवेअर डेव्हलपर' व त्यांच्या सोबतचे परीक्षक यांच्या नोकऱ्या सुमारे १७ टक्क्यांनी वाढतील, असे त्या खात्याने वर्तविले. सामान्य माणसास हे दोन्ही धंदे एकच वाटतात. परंतु खात्याच्या वर्गीकरणात पहिला दुसऱ्याने आखून दिलेले काम आज्ञावलीत उतरवितो आणि दुसरा काय करावयाचे याची आखणीही करतो. बाळाजी आवजींच्या कथेतील तोच भेद येथे सरकारी कोष्टकात उतरला आहे. अंदाज चुकू शकतात. परंतु ऐंशी वर्षांचा इतिहास याच दिशेस बोट दाखवितो.

मग यंत्रास जाणण्याचे काम कधीच जमणार नाही काय? तशी ग्वाही आम्ही देणार नाही. आज त्याची मर्यादा जेथे आहे तेथे ती उद्या असेलच, असे मानणे शहाणपणाचे नाही. परंतु यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की चूक, हे ठरविणारा आणि चुकल्यास त्याची जबाबदारी घेणारा कोणीतरी लागतोच. बँकेचे व्याज, रुग्णाची मात्रा, आगगाडीचा सिग्नल यांची आज्ञावली तपासावयाची तर त्या त्या व्यवहाराची जाण हवी. जुनी विद्याही अगदी टाकाऊ होत नाही. एप्रिल २०२० मध्ये साथीच्या काळात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबॉल जाणणारांस मदतीसाठी आवाहन केले होते. आणि २०२३ साली आपल्या राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणारांची सरकारला अशीच निकड भासली. मात्र या अपवादांवर सबंध पिढीचा संसार उभा करता येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

आमच्या मते या खेपेची खरी अडचण अन्यत्र आहे आणि ती उमेदवारीची आहे. मोडीच्या काळी नकला करता करता उमेदवार कारकून होई आणि कारकून पुढे व्यवहाराचा जाणकार होई. संगणकाच्या कंपन्यांतही नवा मुलगा प्रथम बारीकसारीक चुका दुरुस्त करी, तयार आराखड्यावरून लहान आज्ञावल्या लिही, चाचण्या घेई. आणि हे हलके काम करता करता मोठे काम शिके. नवे यंत्र नेमके हेच हलके काम भराभर करू लागले आहे. उतरविण्याचे काम यंत्राकडे गेले, यात स्वतःमध्ये वाईट काही नाही. परंतु जाणण्यापर्यंत पोहोचण्याची पायरीही तीच होती. ती पायरी काढून घेतल्यावर पुढच्या पिढीतील जाणकार कोठून येणार, याचा विचार कंपन्या करतील तेव्हा करतील. तोवर मधल्या काळात उभ्या असलेल्या आपल्या मुलामुलींचे काय, हा प्रश्न ज्ञातिसंस्थेचा आहे.

यास्तव तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली अशी की, आपला विद्यार्थी साह्य निधी एकाच शाखेकडे वाहू नये. संगणक शिकावा, अवश्य शिकावा. परंतु त्याच्या जोडीस हिशेबशास्त्र, शेती, वैद्यक, कायदा, यंत्रशास्त्र यांपैकी एखाद्या व्यवहाराचे ज्ञान संपादन करणाऱ्या विद्यार्थ्यास अग्रहक्क द्यावा. दुसरी सूचना अशी की, निधीतून काही 'उमेदवारी वृत्ती' ठेवाव्यात. पदवी होऊन घरी बसलेल्या मुलास वा मुलीस सहा महिने मासिक वेतन द्यावे आणि या व्यवसायात केस पांढरे झालेल्या ज्ञातिबंधूंनी आपल्या शेजारी बसवून त्यांस खरे काम शिकवावे. आपल्यापैकी कित्येकांस कोणीतरी असेच शेजारी बसवून घेतले होते; ते ऋण फेडण्याची ही वेळ आहे.

तिसरी सूचना पैशाची नाही, मनाची आहे. आपल्या वधूवर सूचक केंद्राच्या नोंदवहीत 'आयटीतील मुलगा हवा' ही अपेक्षा वीस-पंचवीस वर्षे आपणच लिहीत आलो. आता ज्याची नोकरी सुटली तो मुलगा, आणि त्याचे आईवडील, ती गोष्ट ज्ञातीपासून लपवितात. संमेलनास येण्याचे टाळतात. लग्नकार्यात तोंड चुकवितात. चाळिशी उलटलेला, गृहकर्जाचे हप्ते फेडणारा कर्ता पुरुष सकाळी नित्याप्रमाणे डबा घेऊन बाहेर पडतो आणि दिवसभर कोठेतरी बसून संध्याकाळी परत येतो, असे उदाहरण आमच्या कानी आले, तेव्हा आम्हांस रात्रभर झोप आली नाही. मोडीच्या कारकुनाचा, पंच-ऑपरेटरचा किंवा खातेवही लिहिणाऱ्याचा जसा दोष नव्हता, तसाच याचाही नाही. व्यवसायाच्या इतिहासात जे एका वाक्यात संपते, ते एखाद्याच्या आयुष्यातील पाच-सात वर्षे असतात. ती वर्षे त्याने एकट्याने काढू नयेत एवढ्यासाठीच तर ज्ञातिसंस्था असते.

आरंभीच्या प्रश्नास आता आमचे उत्तर असे. मुलास ओढ असेल तर त्यास संगणकाच्या शाखेत जरूर घाला. परंतु आज्ञावली लिहिता आली म्हणजे पोटाची चिंता मिटली, या समजुतीने घालू नका. ती समजूत १९५७ साली खरी नव्हती, २००१ साली नव्हती आणि आजही नाही. त्यास एखादा व्यवहार मुळापासून जाणून घ्यावयास लावा, आणि एकदा शिकलेली विद्या दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागेल, याची पूर्वसूचना आजच द्या. चिटणिशी गेली तरी चिटणीस राहिले, ते याच बळावर. आणि इतके करूनही वाईट काळ आलाच, तर त्याने संस्थेचे दार ठोठावण्यास संकोच करू नये. आमची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असते, आणि दार उघडेच असते.